बाळंतिणीची खोली

आमच्या शहापुरातल्या जुन्या घरी माजघराच्या मागे एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. छपराजवळ एक झरोका होता, आणि घरात बाळंतपण असले म्हणजे त्यालाही गोणपाट लावीत. एरवी त्या खोलीत लोणच्याच्या बरण्या, मोडका पाळणा, उन्हाळ्यात घातलेले सांडगे-पापड असे काहीबाही पडलेले असे. पण कुणी लेक बाळंतपणाला माहेरी आली, की खोली सारवून घेत, बाज टाकीत, बाजेखाली शेगडी सरकवीत, आणि त्या दिवसापासून ती बाळंतिणीची खोली होई. माझा स्वतःचा जन्म त्याच खोलीतला. पुढे मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले, आणि त्या खोलीची मला लाज वाटू लागली. अंधार, धूर, कोंदट हवा आणि कानांना फडके बांधून बसलेली बाळंतीण, याहून अज्ञानाचे ठसठशीत चित्र कोणते, असे मी वर्गात मुलींना विचारीत असे.

आज पासष्टी ओलांडल्यावर त्या खोलीविषयी माझे मत पुष्कळसे बदलले आहे. धुराचे समर्थन मी आजही करणार नाही. त्या धुराने आणि अस्वच्छ हातांनी किती माता व किती अर्भके दगावली असतील, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. परंतु धूर बाहेर काढताना आपण त्याच्याबरोबर आणखीही काही बाहेर टाकले, असे मला वाटू लागले आहे. हे मला शिकवले ते माझ्या मुलीच्या दोन बाळंतपणांनी. एक आमच्या बेळगावात झाले, दुसरे मडगावात. दोन्ही खेपांना आई तीच होती आणि वैद्यकही तेच होते. तरी दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर पडले.

माझी ही एकुलती एक लेक लहानपणापासून घरात 'नाजूक' म्हणून ओळखली जाई, आणि तो शब्द आम्ही कौतुकाने वापरीत नसू. कुकरची शिट्टी झाली की ती कान दाबून अंगणात पळे. जरीचा परकर टोचतो म्हणून तिने एका लग्नघरात रडून आकांत केला होता. फ्रॉकच्या गळ्याशी शिवलेली कापडाची पट्टी उसवून दिल्यावाचून ती तो अंगाला लावू देत नसे. गणपतीच्या मिरवणुकीचा ताशा आमच्या गल्लीत शिरला, म्हणजे सारी गल्ली दारात आणि आमची लेक पलंगाखाली, असा दरवर्षीचा देखावा. मी तिच्या केसांवरून मायेने हात फिरवू जावे, तर मान झटकून ती दूर होई, आणि तीच मुलगी रात्री म्हणे, "आई, माझ्यावर आडवी पड. सगळं वजन टाक." त्या दोन गोष्टींचा मेळ मला कधी घालता आला नाही. मी त्याला चोचले म्हणे. एकतीस वर्षे मी दुसऱ्यांची मुले शिकवली. पण घरातल्या मुलीला मात्र "माझ्या डोळ्यांकडे बघून बोल" एवढे एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकवीत राहिले.

तिचे लग्न होऊन ती मडगावी गेली. २०१६ च्या पावसाळ्यात रीतीप्रमाणे पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. ज्या रुग्णालयात तिचे नाव घातले होते, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील माणसे वाईट होती असेही नाही. वाईट नसलेल्या माणसांच्या हातूनही माणसाचे किती हाल होऊ शकतात, हेच मला सांगावयाचे आहे.

त्या दिवशी पहाटे तिला अस्वस्थ वाटू लागले म्हणून आम्ही गेलो. परिचारिकेने विचारले, "कळा येतात का?" मुलगी म्हणाली, "माहीत नाही." तिला खरोखरच माहीत नव्हते. पोट दगडासारखे होते आणि पुन्हा सैल पडते, एवढे तिला समजत होते. पण 'कळ' म्हणजे तीच की आणखी काही, हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला ती हो म्हणत नाही. तिचा चेहरा नेहमीसारखा कोरा होता. तो पाहून सर्वांनी ठरवले की अजून पुष्कळ वेळ आहे. डोक्यावर नळीदिव्यांची रांग, बाहेरच्या दालनात चालू असलेला दूरदर्शनसंच, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा फिनेलचा वास, एका परिचारिकेच्या केसांतला मोगरा, अंगात खळीचा कडक झगा आणि पोटावर यंत्राचा पट्टा, अशा थाटात ती कॉटवर बसून पुढेमागे डुलत होती. "हलू नका," असे तिला दोनदा सांगण्यात आले. डुलणे थांबले, तसे बोलणेही थांबले. "अगं, बोल ना काहीतरी," असे मीदेखील म्हणाले. नंतर तिने मला सांगितले, की त्या वेळी तिला सर्व ऐकू येत होते. शब्द तेवढे तोंडापर्यंत पोचत नव्हते.

आतून तपासणी झाली, तेव्हा ती बरीच पुढे गेल्याचे आढळले आणि एकच धावपळ उडाली. तिला आत नेले. मला दाराबाहेर थांबवले. पुढचे सारे मी दाराच्या फटीतून ऐकले. प्रत्येक तपासणीला निराळा हात आला, आणि कोणत्याही हाताने आधी वर्दी दिली नाही. तिने एक हात ढकलला, तेव्हा तिचे दोन्ही हात धरले गेले. मग चार माणसांनी एकाच वेळी "जोर लाव, जोर लाव" असा गजर सुरू केला. मूल झाले, रडले, आणि ओलेचिंब असतानाच तिच्या उघड्या छातीवर ठेवण्यात आले. तिने झटका बसल्यासारखे दोन्ही हात दूर केले. आतून एक आवाज आला, "ही कसली आई?"

त्या वाक्यावर मी दार ढकलून आत जायला हवे होते. मी गेले नाही. याहूनही कठीण गोष्ट कबूल करावयाची, तर क्षणभर माझ्याही मनात तोच प्रश्न येऊन गेला.

पुढचे चाळीस दिवस मी शास्त्राप्रमाणे सर्व काही केले. सकाळी मालिशवाली, मग कढत पाणी, मग ओवा-बाळंतशेपांची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, दुपारभर बघायला येणाऱ्या बायका आणि बाराव्या दिवशी बारशाला भरलेले घर. मुलगी दिवसेंदिवस मुकी होत गेली. शेजारणी म्हणाल्या, वारे लागले. मीही मान डोलावली.

उलगडा झाला तो तीन वर्षांनी, आणि तोही आडवाटेने. नातू अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, म्हणून २०१९ साली गोव्यात त्याची तपासणी झाली. तपासणाऱ्या बाई एकेक प्रश्न विचारीत होत्या. आवाजाने कान झाकतो का? कपड्यांचा त्रास होतो का? हलका स्पर्श नकोसा वाटतो का? मुलगी उत्तरे देता देता मध्येच म्हणाली, "हे सगळ्याच मुलांचं असतं ना? माझं तर अजून असंच आहे." त्या बाईंनी लेखणी खाली ठेवली. काही महिन्यांनी रीतसर परीक्षा होऊन, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, माझ्या मुलीला कळले की आपणही ऑटिस्टिक आहोत. मुलाच्या निमित्ताने आईची ओळख पटावी, असे आता पुष्कळ घरांत घडते, असे पुढे माझ्या वाचनात आले.

ऑटिझमला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. शब्दांचे मूळ शोधण्याची मास्तरीण मंडळींना खोड असते. मीही ते शोधले. स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक 'ऑटोस'वरून घडवला, आणि तोही एका वेगळ्याच मनोविकाराच्या वर्णनासाठी. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तो उचलला. त्या अकरांत आठ मुलगे होते आणि तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी चार मुलांची हकीकत लिहिली. ते चारही मुलगेच. म्हणजे या विषयाची पहिली चित्रे मुख्यतः लहान मुलग्यांची आहेत. त्यांच्यासारख्याच मुली असतात, त्या मोठ्या होतात, संसार मांडतात आणि एके दिवशी प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढतात, हे ध्यानात यायला फार काळ लागला. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची संवेदना कमी-अधिक असणे ही गोष्टसुद्धा अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथात लक्षण म्हणून स्पष्टपणे आली ती २०१३ साली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. माझी मुलगी बेळगावात बाळंत झाली, तेही साल २०१६ च. तिला अर्थात त्याचा काही उपयोग नव्हता. जे ओळखलेच नाही, त्याचा हक्क कोण मागणार?

परंतु स्वमग्न हा शब्द मला आता खटकतो. त्यातून असे चित्र उभे राहते की माणूस आपल्यातच बुडालेला आहे आणि जग त्याच्यापर्यंत पोचत नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत प्रकार नेमका उलट आहे. जग तिच्यापर्यंत नको तितके पोचते. आपल्या घरांना दारे-खिडक्या असतात. हवे तेव्हा उघडाव्या, नको तेव्हा लावून घ्याव्या. तिचे घर चारही बाजूंनी उघडे आहे. ते मिटल्यासारखे दिसते, तेव्हा आतले माणूस वादळात कोपरा धरून बसलेले असते.

२०२२ साली तिला पुन्हा दिवस गेले. या खेपेस माहेरी येणार नाही, असे तिने मला शांतपणे सांगितले. सातव्या महिन्यात मी चोर्ला घाट उतरून मडगावला गेले. तेथे तिने मला एक कागद दाखवला. बाळंतपणात आपल्याला काय हवे आणि काय नको, ते तिने एका पानावर लिहून काढले होते. मोठा दिवा नको, टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवून ठेवावा. अंगात माझाच धुवून मऊ झालेला सुती गाऊन असू द्यावा. कानांत बोळे असतील. मी ऐकत नाही असे समजू नये. एका वेळी एकानेच बोलावे. हात लावण्यापूर्वी सांगावे, मग लावावा. हलका स्पर्श मला चटका दिल्यासारखा लागतो, घट्ट दाब बरा वाटतो. पट्टा बांधावाच लागला, तर खाली मऊ पंचा घालावा. मी डुलले तर डुलू द्यावे. 'कळा येतात का' असे न विचारता 'पोट कडक झालं का' असे विचारावे. माझ्या चेहऱ्यावरून माझे दुखणे मोजू नये. बोलणे बंद झाले तर हो किंवा नाही असे उत्तर देता येईल तेवढेच विचारावे. मी बोट उचलीन. बाळ पुसून, मध्ये पंचा घालून द्यावे. मला थोडा वेळ लागेल, पण मी त्याला घेईन.

सर्वांत खाली एक ओळ होती. 'सोबत नवरा असेल. आई दाराबाहेर. आईने माझ्या केसांवरून हात फिरवू नये.'

ती ओळ वाचून मी कागदाची घडी घातली आणि परसात तुळशीपाशी जाऊन उभी राहिले. पस्तीस वर्षे ज्या स्पर्शाला मी माया म्हणत आले, तो तिला चटक्यासारखा लागत होता, आणि तसे तिने लहानपणापासून मान झटकून मला हजार वेळा सांगितलेही होते. नाकारली गेल्याचे दुःख खोटे नव्हते. पण थोड्या वेळाने मनात आले, की तिने मला दूर ठेवले नाही, दारावर ठेवले आहे. पहिल्या खेपेस ज्या दारातून मी आत गेले नाही, तेच दार ती माझ्या हाती देत होती.

त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या. त्यांनी कागद सावकाश वाचला. त्यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्यालाही पसंत आहेत, असे त्या म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत निरोगी स्त्रीला एकसारखे यंत्राच्या पट्ट्याशी बांधून ठेवू नये, हातातल्या छोट्या यंत्राने ठराविक वेळाने बाळाचे ठोके ऐकावेत, आतून तपासणी एरवी चार तासांनी पुरेशी मानावी आणि तिच्या पसंतीचे माणूस सोबतीला असू द्यावे, असेच सांगितले आहे. सोबतीची गोष्ट तर आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांसाठी मान्य केली. डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली. "तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका दिसला, तर मी विचारत थांबणार नाही. पण जे करीन ते करता करता सांगेन." मुलगी म्हणाली, "सांगितलंत तर चालेल. न सांगता केलेलं चालत नाही." मग त्यांनी तिला ती खोली दाखवली. ती त्या टेबलावर निजून पाहून आली, यंत्राचा आवाज ऐकला, स्पिरिटचा वास घेतला, पट्टा पाच मिनिटे बांधून पाहिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांना त्यांचा बाक दाखवून आणीत असू, त्याची मला आठवण झाली. अनोळखी जागेची अर्धी भीती ती जागा पाहिल्यानेच जाते, हे मी परक्या मुलांसाठी जाणत होते.

डिसेंबरातल्या एका रात्री आम्ही तेथे गेलो. ती आणि जावई आत गेली, मी दाराशी खुर्ची घेऊन बसले. दारावर बसणे हे काम वाटते तितके सोपे नाही. फिनेलची बादली घेऊन आलेल्या बाईला मी उद्या यायला सांगितले. करकरणाऱ्या चाकांची गाडी लांबच थांबवली. पहाटे विहीणबाईंबरोबर त्यांच्या दोन जावा आल्या, त्यांना बाकावर बसवून घेतले. माझी विनवणी संपायच्या आतच विहीणबाईंनी ओठांवर बोट ठेवले आणि जावांना म्हणाल्या, "तिका मात्शें थंड रावूंक दी." त्यांनी कोणतेही पुस्तक वाचले नव्हते. सहा वर्षे सुनेला पाहिले होते, एवढेच.

उजाडता उजाडता जावई बाहेर आले. "आई, ती तुम्हांला बोलावते आहे. पाठ दाबायला. माझे हात आता चालत नाहीत." जरा अडखळून ते पुढे म्हणाले, "बोलायचं मात्र नाही."

आत पाऊल टाकले आणि मी चकित झाले. ती आमचीच जुनी खोली होती. भिंतीकडे वळवलेल्या दिव्याचा तांबूस उजेड, खिडकीवर जाड पडदा, कुणाचाही शब्द नाही. माझी लेक कॉटच्या कठड्याला धरून उभी होती आणि संथपणे डुलत होती. कानांत बोळे आणि वरून डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. बाळंतिणीच्या कानांना वारा लागू नये म्हणून बांधलेले फडकेच जणू! फक्त येथे धूर नव्हता, हात स्वच्छ धुतलेले होते, आणि कोपऱ्यात बाळाच्या श्वासासाठी लागणारे सर्व साहित्य झाकून तयार ठेवलेले होते. तिने माझा हात घेऊन आपल्या माकडहाडावर ठेवला. मी दाबले. तिने बोटाने खूण केली, आणखी. मी तळव्याच्या टाचेने, होते तेवढे सारे वजन टाकले. 'आई, माझ्यावर आडवी पड' म्हणणारी ती सात वर्षांची मुलगी मला इतक्या वर्षांनी उमगली.

टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन विदुषीची गोष्ट मी त्याच सुमारास वाचली होती. त्या स्वतः स्वमग्न. लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चौकटीत गुरे शांत होतात, हे पाहून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी तसेच एक यंत्र बनवले; माणसाची मिठी त्यांना सोसत नसे, पण त्या यंत्राचा दाब सोसे. वाचताना मला ते विलक्षण वाटले होते. त्या पहाटे त्यात विलक्षण असे काही उरले नाही.

परिचारिका गोव्याचीच होती. दर वेळी ती पुढे येई, समोर उभी राही आणि हळूच म्हणे, "बाय, हांव आतां हात लायतां." मुलीचे बोट वर झाले म्हणजे मगच तिचा हात पुढे होई. या साऱ्याला प्रत्येक वेळी तीन-चार क्षण लागत असतील. सबंध रात्रीत मिळून ती पाच मिनिटेही भरली नसतील. पहिल्या खेपेस एवढी पाच मिनिटे कुणापाशी नव्हती.

एक वेळ मात्र कठीण आली. शेवटच्या टप्प्यात बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरीणबाई त्याच संथ आवाजात म्हणाल्या, "ठोके कमी झाले आहेत. तुम्हांला डाव्या कुशीवर वळवते आहे. पट्टा बांधते आहे. मोठा दिवा लावावा लागेल. तीन म्हणते, डोळे मिटून घ्या." एक, दोन, तीन. दिवा लागला. मुलीने डोळे मिटले होते; अंगावर शहारा आला, पण तिने कुणालाही ढकलले नाही. काही वेळाने ठोके पूर्ववत झाले आणि दिवा पुन्हा मालवला गेला. त्या दोन मिनिटांत माझी एक मोठी शंका फिटली. असे लाड पुरवीत बसले तर संकटात काय करणार, असे पुष्कळजण विचारतात. मीही विचारीत होते. रात्रभर जिचे ऐकून घेतले गेले, ती घटकाभर दुसऱ्याचे निमूट ऐकते, कारण हा दिवा खरोखरच हवा आहे, याविषयी तिला विश्वास वाटतो. विनाकारण लावलेल्या शंभर दिव्यांनंतर एकशेएकाव्या दिव्याचे कारण कुणाला पटेल?

सकाळी मुलगी झाली. कुणी गजर केला नाही. बाळाला पुसले, मध्ये मऊ पंचा घालून आईच्या छातीवर ठेवले. माझ्या लेकीचे हात दोन्ही बाजूंना पडलेले होते. कुणीही ते उचलून बाळाभोवती घातले नाहीत. आम्ही वाट पाहिली. मग उजवा हात उचलला गेला आणि पूर्ण तळव्याने, घट्ट, बाळाच्या पाठीवर विसावला. थोड्या वेळाने तिने आपणच मधला पंचा बाजूला केला. पहिले शब्द परत आले ते असे : "मी घेतलं."

मला वाटते, सहा वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याला तिने दिलेले ते उत्तर होते.

१९७४ साली फ्रेडरिक लबॉयेर या फ्रेंच डॉक्टरांनी एक पुस्तक लिहून प्रसूतिगृहातला झगझगीत प्रकाश आणि आरडाओरड यांवर कडक टीका केली. नवजात बालकाच्या कोवळ्या इंद्रियांना हे कसे सोसेल, असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न जगाला पटला, कारण बालकाचे इंद्रिय कोवळे असते हे कुणालाही पटते. तोच प्रश्न आईविषयी विचारायला मात्र आपली जीभ अडते. मोठ्या माणसाने सोसावे, सोसता येत नसेल तर ते त्याचे चोचले, असे आपण मानतो. शिवाय सर्वांची इंद्रिये आपल्यासारखीच आहेत हे आपण गृहीत धरतो, आणि त्या गृहीतावर आपली सारी माया उभी करतो. स्वमग्न स्त्रियाही एकमेकींसारख्या नसतात. एखादीला अंधाराने गुदमरेल, एखादीला सतत कुणीतरी बोलत राहिलेले हवे असेल, एखादीला कोमट पाण्याची धार तासन्‌तास पाठीवर हवी असेल. माझ्या मुलीचा कागद म्हणजे काही धर्मग्रंथ नव्हे. प्रत्येकीचा कागद निराळा असणार. घेण्यासारखे आहे ते इतकेच, की कागद तिला लिहू द्यावा, आणि लिहिलेला वाचावा.

या खेपेस चाळीस दिवस मी मडगावीच होते. मालिशवाली फक्त बाळासाठी येई. धुरी झाली नाही. बारसे घरातल्या सहा माणसांत झाले, आणि बघायला येणाऱ्यांना विहीणबाई ओसरीवरच चहा देऊन परत पाठवीत. पाजताना बाळाच्या रडण्याने मुलीचे डोके भणाणून जाई, तेव्हा ती कानांत बोळे घालून त्याला पाजी. त्याने दुधात काही उणे पडले नाही. ती मुकी झाली नाही. एके दुपारी ती मला म्हणाली, "आई, तू दारावर होतीस म्हणून मला झोप लागली." तिच्याकडून मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत याहून मोठे दुसरे नाही.

निघताना त्या परिचारिकेने कागदाची एक प्रत मागून घेतली. नाव काढून टाकू आणि विचारीत जाऊ, असे ती म्हणाली. मी तिला तो कागद सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून दिला, एका बाजूला मराठीत. दुसऱ्या बाजूला विहीणबाईंनी सांगितला तसा कोंकणीत. शेवटची ओळ मात्र मी गाळली. ती आमच्या दोघींपुरती होती.

नात आता चालू लागली आहे. तिच्या कुरळ्या जावळावरून हात फिरवावा, असे मला दिवसातून दहा वेळा वाटते. मी आधी हात तिच्यासमोर धरते आणि थांबते. कधी ती डोके पुढे करते, कधी नुसतीच हसून पळून जाते.